मोनेची लाल फुलं की पिसारोचं गोठलेलं शेत?

ताई हॉलसाठी प्रिंट घेतेय आणि मोने, पिसारो या फ्रान्समधल्या दोन चित्रकारांच्या चित्रांत अडकलीय. दोन्ही चित्रं १८७३ची, दोन्ही १८७४च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट (क्षणाचा उजेड, रंग टिपणाऱ्या चित्रकारांच्या) प्रदर्शनात होती, आता पॅरिसच्या ओर्से म्युझियममधे आहेत.

रंगात मोने सरळ जिंकतो, उतारावर पॉपीच्या फुलांचे लाल ठिपके, लांबूनच डोळ्यात भरतात. पिसारोचं मातकट, पाठीवर मोळी घेतलेला म्हातारा, आणि नांगरटीवर चौकटीबाहेरच्या झाडांच्या सावल्या, झाडं दिसतच नाहीत! तेव्हा समीक्षक यावरच चिडले होते म्हणे, मला तर तेच भारी वाटतं.

साइझ म्हणाल तर मूळ मोने ५० बाय ६५ सेंमी, पिसारो बराच मोठा, त्यामुळे लहान प्रिंटमधे त्याचं खडबडीत पेंट गायब होतं.

अंधारी खोली, येणारेजाणारे पाहुणे असतील तर ताई, मोने घे. रोज चहा पिताना समोर बसून बघणार असशील तर पिसारो, पण मोठाच.