खाच, कडं की चमकती काडी? तिन्हीसांजेला बंदुकीवर कोणती माशी बसवावी

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला भात पोसवलं की राखणीचे माळे उभे राहतात. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक असलेले पन्नाशीपुढचे लोक मग हमखास विचारतात: उजेड उतरला की माशी, म्हणजे नेम धरायला नळीच्या टोकावर असतो तो उंचवटा, दिसत नाही, बदलून घ्यावी का?

एक गोष्ट आधीच सांगतो. १९७२च्या वन्यजीव कायद्यातल्या कलम ९नुसार शिकारीला बंदी आहे, आणि भीमगड अभयारण्य तर उशाशीच आहे. राखणीचा बार हवेत. जिवावर बेतलं तर स्वसंरक्षणाला कलम ११ मध्ये जागा आहे, पण ती वेळ नेमकी अंधुक उजेडाचीच असते. खालची तुलना ५० मीटरवरच्या कागदी निशाण्यावरची समजा.

इशापूरची .३१५ रायफल ली-एनफील्ड या जुन्या फौजी रायफलीच्या घराण्यातली. नळीवर मागे खाच, पुढे माशी; खाचेच्या मधोमध माशी धरून निशाणा बघायचा. भर दुपारी या जोडीला तोड नाही. संध्याकाळी मात्र माशीच्या दोन्ही बाजूंच्या उजेडाच्या फटी आधी मिटतात, आणि माशी खाचेच्या मधोमध आहे की कडेला टेकली आहे हे कळेनासं होतं. खाच अरुंद आणि खोल असेल तर आणखी लवकर. चाळिशी लागलेल्या डोळ्याला खाच, माशी आणि निशाणा तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीतच. फार खर्च करायचा नसेल तर पसरट, उथळ खाच घ्या, तिच्या मधोमध खाली एक पांढरी रेघ ओढा आणि माशीच्या तोंडावर पांढरा ठिपका द्या. व्हाइटनर चालतो, फक्त तेलाच्या फडक्याने पुसला जातो. चकचकीत गोल पितळी माशी टाळाच. मावळतीचा उजेड तिच्या एकाच बाजूला पडतो, डोळा त्या उजळ बाजूलाच मध्य समजतो आणि गोळी उजेडाच्या उलट अंगाला सरकते.

आमच्या भागात मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले पुष्कळ. एसएलआर या फौजी रायफलीवर हात बसलेल्या त्या लोकांना खाचेऐवजी मागच्या कड्यातल्या भोकातून बघायची सवय असते, म्हणून ते सरळ 'भोकाचीच घ्या' म्हणतात. निम्मं बरोबर आहे. फौजी भोक बारीक असतं. दिवसा डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते तेव्हा ते छान चालतं. अंधारात बाहुली पाच-सहापर्यंत उघडते, आणि बारीक भोक तेवढा उजेड बाहेरच अडवतं. भोक सहा मिलिमीटरचं, कडं पातळ असेल तर उजेड अडत नाही. कडं डोळ्याला धूसर दिसतं, आणि तसंच दिसायला हवं. नजर आपोआप मधोमध जाते, तुम्ही फक्त माशी बघायची. शिवाय कडं डोळ्याजवळ, मागे बसतं, त्यामुळे मागच्या-पुढच्या साइटमधलं, म्हणजे कडं आणि माशी यांमधलं, अंतर वाढतं आणि हाताची चूक निशाण्यावर कमी दिसते. खोड एकच: आपल्या पावसात भोकात थेंब अडकतो. मोठ्या कड्यात कमी, पण अडकतो. फुंकर मारायची.

आता चमकती काडी, म्हणजे फायबर ऑप्टिक. दुकानात हीच सगळ्यांना भुलवते. ती आजूबाजूचा उजेड गोळा करून टोकाला आणते, स्वतःचा उजेड तिला नाही. घ्यायचीच तर हिरवी घ्या, कारण उजेड मंदावताना डोळ्याला लाल आधी काळा पडतो. जाडीही बघा. डोळ्यापासून ८० सेंटिमीटरवरची तीन मिलिमीटरची काडी ५० मीटरवर जवळपास १९ सेंटिमीटर झाकते. दोन मिलिमीटरची साडेबारा. आणि माळ्यावर चढता-उतरताना फांदीला अडकली की ही काडी मोडते.

ट्रिटियम या किरणोत्सारी वायूची माशी पूर्ण अंधारातही उजळते. तिचा उजेड साधारण बारा वर्षांत निम्म्यावर येतो. पण माझा आक्षेप आयुष्यावर नाही. मी एका संध्याकाळी निशाण्याचा पुठ्ठा लावून बसलो होतो. हिरवा ठिपका झकास दिसत होता, आणि पुठ्ठा मात्र कधीच झुडपात विरला होता. शेजारी बसलेले हवालदार मामा म्हणाले, "माशी दिसतीय ओ, पण पुढं काय हाय ते सांगा की!" सांगता येईना. उसाच्या फडात, तोडकऱ्यांच्या खोपटांजवळ याच ठिपक्याने काय होईल, याचा विचार तिथेच आला.

म्हणून माझी निवड मोठं कडं आणि पांढऱ्या ठिपक्याची, दोन मिलिमीटरची सपाट माशी. तिचा ठिपका विझतो तेव्हा निशाणाही ओळखू येत नसतो, बंदूक खाली ठेवायची वेळ ती स्वतःच सांगते. नजर अजून तरणी असेल आणि पैसे वाचवायचे असतील तर पसरट खाच पुरे. काडी फक्त रेंजवर जाणाऱ्यांसाठी.

बसवून घ्यायची ती परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडूनच. दोन साइटमध्ये ५० सेंटिमीटर अंतर असेल तर माशीतला एक मिलिमीटर फरक ५० मीटरवर दहा सेंटिमीटर होतो. गोळी खाली लागत असेल तर माशी घासून कमी करता येते, वर लागत असेल तर नवीच घ्यावी लागते. तेव्हा सुरुवातीला जरा उंचच मागा.