दुर्मीळ जपानी सीडीच्या नावाखाली झालेली फसवणूक

जपानमधील हौशी निर्मात्यांचे जुने खेळ, संगीत किंवा चित्रकथा शोधणाऱ्यांनी हा अनुभव जरूर वाचावा. याहू जपानची जिओसिटीज ही वैयक्तिक संकेतस्थळांची सेवा ३१ मार्च २०१९ रोजी बंद झाली आणि एकट्यादुकट्याने घरी बसून केलेल्या असंख्य कामांची पानेही तिच्याबरोबर गेली. कॉमिकेटसारख्या हौशी निर्मात्यांच्या मेळाव्यांत हातोहात विकल्या गेलेल्या सीडी बहुधा पुन्हा निघत नाहीत. त्यामुळे विक्रेता जे दाखवतो ते मूळ कामाशी ताडून पाहता येत नाही आणि भामट्यांचे नेमके इथेच फावते.

मी तोक्योच्या निशिकासाई भागात राहतो. २००२ च्या सुमारास एकाच माणसाने तयार केलेला एक छोटा खेळ मी बराच काळ शोधत होतो. जुन्या वस्तूंच्या एका अ‍ॅपवरील विक्रेत्याने मला मुखपृष्ठाचे छायाचित्र पाठवले आणि शुल्क वाचेल असे सांगून रक्कम परस्पर बँक खात्यात भरायला लावली. अशा अ‍ॅपमार्फत व्यवहार झाला, तर वस्तू मिळाल्याची पोच ग्राहक देईपर्यंत पैसे राखून ठेवले जातात. त्याला तेच टाळायचे होते.

सीडी आली, खेळ सुरूही झाला, पण पहिला अध्याय संपताच थांबला. वेबॅक मशीन या जुन्या संकेतस्थळांच्या संग्रहात निर्मात्याचे जुने पान सापडले. (तिथे पाने टिकतात, पण त्यांवरून उतरवून घ्यायच्या एलझेडएच (आकार लहान केलेल्या) फाइली बहुतेक वेळा नसतात.) त्यावरील नोंदींनुसार पूर्ण खेळ विक्रीला आला, तो सीडीतील फाइलींवरच्या तारखांनंतर काही महिन्यांनी. मला विकली गेली होती ती एके काळी फुकट वाटलेली नमुना आवृत्ती.

नुसती सीडी-आर (घरी नोंदवता येणारी कोरी सीडी) दिसली म्हणून संशय घेऊ नये, कारण मूळ निर्मातेही घरीच सीडी-आर तयार करीत. पैसे देण्यापूर्वी फाइलींची नावे, आकार आणि तारखा मागाव्यात व जुन्या पानाशी ताडून पाहाव्यात. "पाकीट उघडले तर किंमत उतरेल," असे सांगून या विक्रेत्याने ती यादी टाळली होती.

जपानमध्ये असे घडल्यास त्याच दिवशी बँकेला कळवावे. २००८ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार संशयित खाते गोठवता येते, मात्र परतफेड खात्यात उरलेल्या रकमेतूनच होते. पोलिसांच्या सल्ल्यासाठी #९११० आणि ग्राहक तक्रारींसाठी १८८ हे क्रमांक आहेत. मुखपृष्ठाचे तेच छायाचित्र, उजव्या कोपऱ्यातील तपकिरी डागासह, आता दुसऱ्या नावाने पुन्हा विक्रीला लागले आहे.