वीस हजारांच्या आत खरा ५.१ : सोनी एचटी-एस२०आर

टीव्हीचा पातळ आवाज सुधारण्यासाठी वीस हजारांपर्यंतच खर्च करायचा असेल, तर दुकानात दोन वाटा दिसतात : ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’चे (आवाज वरूनही आल्यासारखा भासवणाऱ्या तंत्राचे) लेबल मिरवणारा एकटा साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर), किंवा मागचे दोन स्पीकर सोबत देणारा साधा ५.१ संच (पाच चॅनेल, म्हणजे आवाजाच्या पाच वेगळ्या वाटा, आणि खर्जासाठी एक सबवूफर). आम्ही दुसरी वाट धरली, आणि तीच योग्य होती असे माझे ठाम मत आहे. या किमतीतल्या बहुतेक साउंडबारमध्ये छताकडे तोंड केलेले स्पीकर नसतातच. तिथला अ‍ॅटमॉस हा केवळ आभास असतो. याउलट सोनीच्या या ४०० वॉटच्या संचात आवाज पाठीमागून येतो, कारण तिथे खरोखरच स्पीकर असतो.

सर्वांत मोठा फायदा मात्र संवादांचा झाला. बारमध्ये मधला चॅनेल स्वतंत्र असल्यामुळे पार्श्वसंगीत चढले तरी बोलणे बुडत नाही, आणि रात्री ‘नाइट’ मोड लावला की कमी आवाजातही शब्द स्पष्ट कळतात.

जोडणी करताना एक गोष्ट आवर्जून तपासावी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर असेल, तर एचडीएमआय एआरसीमधून (टीव्हीचा आवाज संचाकडे नेणाऱ्या जोडणीतून) दोनच चॅनेल बाहेर पडतात आणि ५.१चा चित्रपट लावूनही तो स्टिरिओच ऐकू येतो. तिथे ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ निवडल्यावरच पैसे वसूल होतात.

वायरींचा विचार खरेदीपूर्वीच करायला हवा, कारण बार आणि मागचे दोन्ही स्पीकर वायरीनेच सबवूफरला जोडावे लागतात. हॉलमध्ये मधेच दार येत असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून केसिंग पट्टी मारून घेणे उत्तम. सबवूफर अगदी कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज घुमतो. तो हातभर बाहेर ओढला की तबल्याचा डग्गा आणि स्फोटाचा दणका यांतला फरक लगेच जाणवतो. मागचे स्पीकर सोफ्याच्या किंचित मागे, कानांपेक्षा थोडे वर असावेत.

ज्यांच्याकडे ब्लू-रे डिस्कचा संग्रह आहे, त्यांनी मात्र हा संच घेण्याची घाई करू नये. यात डीटीएसची (बऱ्याच ब्लू-रे डिस्कवर असणाऱ्या ध्वनी-पद्धतीची) सोय नाही, त्यामुळे अशा घरांनी आणखी काही महिने पैसे साठवून एव्ही रिसीव्हर (टीव्ही, प्लेअर आणि स्पीकर एकत्र जोडणारा अॅम्प्लिफायर) आणि सुरुवातीला दोनच चांगले स्पीकर घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल.