फुकटची केबल मला पडली २९,६८९ रुपयांना

आकडा आधीच सांगून टाकते, नंतर लाजेने कमी सांगायला नको. १,४९९, मग ३,२००, मग २४,९९०.

मी मिरजेत गाणं शिकवते. तंबोऱ्यांच्या गावात राहून संगणकातला तंबोरा लावायचा, कारण निम्मी मुलं न्यूजर्सीत. तो तंबोरा आणि माझा माइक दोन्ही एकदम झूमवर जायला हवे होते. भाचा म्हणाला, "मावशी, व्हर्च्युअल केबल टाक." म्हणजे तार नव्हे, एका ॲपचा आवाज दुसऱ्या ॲपमध्ये नेणारं सॉफ्टवेअर. शोधलं, सगळ्यात वर आलं ते उघडलं. बाजूला बारीक अक्षरात 'प्रायोजित' होतं. व्हीबी-केबल नावाची खरी व्हर्च्युअल केबल बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवर फुकट मिळते, देणगी द्या नाहीतर नका देऊ. मी 'आजीवन लायसन्स'चे १,४९९ भरले.

विंडोजने निळी पाटी दाखवली, प्रकाशक अज्ञात. मी 'तरीही चालवा' दाबलं. ती पाटी उगाच नसते हो!

आवाज काही जाईना. साइटवर हेल्पलाइनचा नंबर होता. फोनवरचा मुलगा म्हणाला, ड्रायव्हरला, म्हणजे विंडोजमध्ये बसणाऱ्या त्या सॉफ्टवेअरला, मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही लागते, त्याचे ३,२००. सही लागते हे खरंच आहे, म्हणून तर गळी उतरलं. पण ती बनवणाऱ्याने घ्यायची असते, गिऱ्हाइकाने नाही.

तरीही चालेना, तेव्हा चिडून पैसे परत मागितले. तो लगेच हो म्हणाला. इथे, नेमकं इथे मला कळायला हवं होतं. मागितल्याबरोबर पैसे परत देणारा दुकानदार मी जन्मात पाहिलेला नाही. स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावलं, 'रिफंड फॉर्म'मध्ये कार्डाचा नंबर भरून घेतला. ओटीपी आला, मी सहा आकडे वाचून दाखवले. त्याच मेसेजमध्ये वर '२४,९९० रुपयांच्या खरेदीसाठी' असं स्वच्छ लिहिलं होतं. आकडे वाचले, ओळ नाही वाचली. 'ओटीपी कुणाला सांगू नका' हे घरच्या ग्रुपवर मीच पाठवत असते! पण दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला क्लास, मुलांच्या आयांचे मेसेज. डोकं ठिकाणावर नव्हतं. पैसे परत यायला ओटीपी लागत नाही, पिनही लागत नाही.

१९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लागायला चाळीस मिनिटं. तोवर पैसे गेले पुढे. तुम्ही मात्र आधी १९३० लावा, रडणं नंतर. बँकेत साहेबांनी मान वर न करता विचारलं, "ओटीपी तुम्हीच दिलात ना?" संपलं. पोलीस ठाण्यात म्हणाले, आरोपी परराज्यातला, आमच्या हद्दीत येत नाही. गुन्हा कुठेही घडो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे मी तिथे उभी राहून सांगायचं?

आणि झूमवाल्यांनो, शेअरमध्ये जाऊन नुसता संगणकाचा आवाज पाठवता येतो, केबल लागतच नाही. हे मला नंतर दहा वर्षांच्या विद्यार्थिनीने दाखवलं.

तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला. पोचपावती घरी येऊन वाचली तर 'टीव्ही केबल जोडणीत फसवणूक'. दुरुस्तीला गेले तर म्हणे, साहेब बंदोबस्तात आहेत, पुढच्या आठवड्यात या. आणि येताना केबलवाल्याचं नाव घेऊन या.