परड्यातली बारकी फुले, किडे आणि रेनॉक्स डीसीआर-२५०: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रेनॉक्स डीसीआर-२५० हे ८ डायॉप्टरचे (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या शक्तीचे एकक) भिंग मी पावसाळ्याच्या तोंडापासून कॅननच्या ५५-२५० मिमी लेन्सपुढे लावून वापरत आहे, आणि खानापुरातील आमच्या घरामागच्या परड्यापुरते बोलायचे तर बारक्या वस्तू जवळून मोठ्या टिपणारी वेगळी मॅक्रो लेन्स घेण्याची गरज मला वाटलेली नाही. ५२ ते ६७ मिमी आट्यांच्या लेन्सवर ते खटक्याने बसते. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवायची पोकळ नळी) लावल्यावर उजेड घटतो, तसा तो येथे घटत नाही. आमच्याकडच्या आषाढातल्या झाकोळलेल्या दिवसांत ही फार मोलाची बाब आहे.

लेन्सचा फोकस अनंतावर ठेवून २५० मिमीपर्यंत झूम केले की सेन्सरवर प्रतिमा मूळ वस्तूच्या दुप्पट आकाराची पडते, म्हणजे जेमतेम ११ मिमी रुंदीचा भाग अख्खी चौकट व्यापतो. कुंपणाकडेला उगवणाऱ्या केण्याच्या फुलात दोन ठळक निळ्या पाकळ्या आणि किड्यांना परागाचा भास करून देणारे पिवळे वांझ पुंकेसर असतात, हे मी यातूनच नीट पाहिले. ही फुले दुपारपर्यंत मिटतात, त्यामुळे सकाळीच उरकावे लागते. चवळीच्या वेलावरचा काळा मावा तर पाहत राहावा असा: मुंगी मिशांनी माव्याच्या पाठीवर हलकेच थापटते, त्याच्या मागच्या टोकाशी गोड रसाचा पारदर्शक थेंब फुगतो आणि मुंगी तो टिपून घेते.

एवढ्या जवळून एफ/११ एवढ्या लहान छिद्रालाही (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट) स्पष्टतेची खोली मिलिमीटरच्या अंशाएवढीच मिळते, म्हणून ऑटोफोकसचा नाद सोडून कॅमेऱ्यासह स्वतःच किंचित पुढेमागे झुकत मुंगीचा डोळा स्पष्ट दिसताच बटण दाबावे. छिद्र याहून लहान केल्यास विवर्तनाने, म्हणजे छिद्राच्या कडेशी प्रकाश पसरल्याने, बारकावे पुसट होतात. फ्लॅशपुढे बटर पेपर लावला की किड्यांच्या चकचकीत पाठीवरची पांढरी तिरीप बरीच सौम्य होते. वाऱ्याने डुलणारी काडी बांबूच्या कामटीला चिमट्याने अडकवावी. मात्र किडा हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये गारठवण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही.

५५ मिमीच्या बाजूला चित्राचे कोपरे काळे पडतात, तेव्हा झूम १०० मिमीच्या पुढेच ठेवावा. खरी मर्यादा अंतराची आहे: लेन्स अनंतावर असताना वस्तू भिंगापासून सुमारे १२ सेंमीवरच धरावी लागते. कढीलिंबावरची कॉमन मॉर्मन या फुलपाखराची अळी एवढ्या जवळ गेल्यावरही जागची हलत नाही, फार तर डिवचल्यास डोक्यामागून तांबूस शिंगे बाहेर काढते. चतुर आणि नाकतोडे मात्र त्याआधीच उडतात. ज्यांना मुख्यतः तेच टिपायचे असतील त्यांनी ४.८ डायॉप्टरचे डीसीआर-१५० पाहावे. त्यात सुमारे २० सेंमी अंतर मिळते आणि वर्धन त्या मानाने कमी होते.