ऑल इंडिया परमिटच्या नावाखाली आमच्या दाजींना गंडवलं, पिस्तूल घ्यायच्या विचारात असाल तर वाचा

आमच्या खानापूर, आटपाडी, तासगाव पट्ट्यात घरटी एखादा तरी माणूस गलाईच्या धंद्याला बाहेर असतोच, कोण तामिळनाडूत, कोण केरळात, कोण आंध्रात. माझे दाजी पण त्यातलेच, सेलमला दुकान आहे. जुनं सोनं गाळून शुद्ध करून द्यायचं काम, त्यामुळं माल आणि रोकड दोन्ही जवळ असते आणि गावी यायचं तर रात्रीची रेल्वे, मिरजेला उतरायचं आणि पुढं विट्यापर्यंत गाडी. त्यांच्या ओळखीच्या एकाला मध्यंतरी वाटेत लुटलं तेव्हापासून ताई मागं लागली की तुम्ही काहीतरी जवळ ठेवा. दाजी म्हणले ठेवू, पण दोन-तीन राज्यं ओलांडून न्यायचं म्हणजे लहान पाहिजे, शर्टाखाली दिसता कामा नये.

इथंच तो एजंट आला. पाहुण्यातल्याच कुणीतरी नंबर दिला. सांगलीत विश्रामबागला ऑफिस आहे म्हणायचा पण भेटायचा कायम चहाच्या गाड्यावर नाहीतर स्वतःच्या गाडीत. बोलायला एकदम गोड, दाजींना शेठ म्हणायचा, मला भावा. आणि खरं सांगतो, माणसाला बंदुकीची माहिती होती. सुरुवातीला बरेच दिवस तो फक्त मॉडेलवरच बोलत राहिला, कागदाचा विषयच नाही.

निर्भीक रिव्हॉल्व्हर म्हणजे कानपूरच्या फॅक्टरीची, २०१४ ला बाजारात आली, बत्तीस बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप), टायटॅनियमच्या मिश्रधातूची, वजन ५०० ग्रॅमच्या आसपास, पर्समध्ये बसेल अशी. मग इशापूरची निडर, ती पॉइंट बावीसची, जेमतेम २५० ग्रॅम. मग बत्तीस बोअरचं अशनी पिस्तूल. हे सगळं त्यानं बरोबर सांगितलं, मी नंतर ताडून बघितलं. दाजी रोज रात्री फोन करून मला विचारायचे निर्भीक बरी का अशनी, रिव्हॉल्व्हर अडकत नाही म्हणतात पण पिस्तूल चपटं असतंय, कमरेला कमी फुगतंय. आम्ही दोघं ह्यातच रमलो होतो आणि त्याला नेमकं तेच पाहिजे होतं.

मग हळूच म्हणला, शेठ ही सरकारी मालं राहू द्या, तुमच्यासारख्याला ग्लॉक शोभतंय, परदेशी पिस्तूल, नाईन एमएम, कॉम्पॅक्ट, एक एनआरआय पार्टी विकायला बसलीय. गाडीत बसल्या बसल्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी दाखवलं पण हातात दिलं नाही. ते खरं होतं का एअर पिस्तूल होतं का लायटर, देव जाणे.

आता इथं लक्ष द्या. नाईन एमएम हा आपल्याकडं प्रोहिबिटेड बोअर आहे, म्हणजे साध्या माणसाला मनाई असलेला. साध्या माणसाला कलेक्टर ऑफिसातून जे लायसन मिळतं ते एनपीबी म्हणजे नॉन-प्रोहिबिटेडचं, बत्तीस, बावीस असलं. प्रोहिबिटेडचा अधिकार केंद्राकडं आहे आणि ते सहजासहजी कुणाला मिळत नाही. तुम्हाला कुणी नाईन एमएम मिळवून देतो म्हणला की पुढचं काय ऐकूच नका, उठून यायचं.

पैसे त्यानं तुकड्या तुकड्यानं काढले. आधी बुकिंग, मग व्हेरिफिकेशनची सेटिंग, मग कन्सील्ड कॅरी म्हणजे लपवून बाळगायचं परमिट, आणि शेवटी बॉर्डर क्लिअरन्स. सगळे मिळून साडेतीन लाखाच्या वर गेले, थोडे रोख आणि बाकीचे यूपीआयनं कुठल्यातरी बाईच्या खात्यावर, म्हणायचा मिसेसचं खातं आहे.

ते कन्सील्ड कॅरी परमिट म्हणजे तर कळसच. एटीएमसारखं प्लास्टिकचं कार्ड, त्यावर गरुड, इंग्रजीत इंटरनॅशनल वगैरे लिहिलेलं, म्हणला हे नेपाळात पण चालतंय. असलं कार्ड आपल्या देशात अस्तित्वातच नाही. लपवून न्यायचं असं वेगळं परमिट अमेरिकेत असतं आणि तिथंसुद्धा एका राज्याचं दुसऱ्या राज्यात चालेलच असं नाही. आपल्याकडं उलटं आहे, २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणं सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात आणि झाकलेलंच पाहिजे, तोच नियम आहे! म्हणजे जे कायद्यानं तसंही करायलाच लागतं त्याचे ह्या भाद्दरानं आमच्याकडून साठ हजार घेतले. आणि देशाबाहेर हत्यार न्यायला आर्म्स ॲक्टच्या कलम १० खाली आयात-निर्यातीचं वेगळं लायसन लागतं, शिवाय पलीकडच्या देशाचा कायदा वेगळाच.

राज्याची हद्द ओलांडायची गोष्ट पण अशीच. लायसनवर हद्द लिहिलेली असते, जिल्हा, राज्य किंवा पूर्ण भारत. महाराष्ट्रापुरतं लायसन असेल आणि पिस्तूल घेऊन तुम्ही हद्दीपलीकडं कर्नाटकातल्या कागवाडला गेला की तिथून ते बेकायदा. मिरजेतनं कर्नाटक किती लांब आहे हो, गप्पा मारत मारत माणूस पलीकडं जातो. हद्द वाढवून घ्यायला कारण दाखवून रीतसर अर्ज करावा लागतो. त्यामुळं सेलमला जाणाऱ्या माणसानं आधी हा हद्दीचा प्रश्न सोडवायचा, निर्भीक का अशनी ते नंतर. आमचं सगळं उलटं चाललेलं.

शेवटी लायसनचं पुस्तक आलं. जम्मूकडचं. दाजींनी जन्मात जम्मू बघितलेलं नाही. तिकडं पैसे घेऊन बाहेरच्यांना लायसनं वाटल्याचं मोठं प्रकरण सीबीआयकडं आहे, २०१२ ते २०१६ मधली पावणेतीन लाखांवर लायसनं त्यात आहेत, पण आमचं पुस्तक तर त्या दर्जाचं पण नव्हतं. कोल्हापुरात एका परवानाधारक विक्रेत्याला दाखवलं तर त्यानं हातात घेऊन दोन पानं उलटली आणि विचारलं, यूआयएन कुठंय? प्रत्येक लायसनधारकाला राष्ट्रीय डेटाबेसमध्ये एक नंबर असतो, तो नसेल तर लायसन वैध धरत नाहीत. आमच्या पुस्तकात त्या जागी जो आकडा होता तो नुसता शिक्का मारलेला. मग त्यानंच विचारलं, पोलीस घरी आले होते का, गावात चौकशी झाली का, हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मागितलं का. काहीच नाही. पोलीस पाटील आमच्या भावकीतलाच आहे, त्याला पण कुणी काही विचारलं नव्हतं.

दाजींनी पैसे परत मागितल्यावर त्या माणसाचा आवाजच बदलला. म्हणला, शेठ, नाईन एमएम मागितल्याचे तुमचे मेसेज माझ्याकडं आहेत, पोलिसात गेला तर पहिलं तुम्हीच आत जाताय. दाजी घाबरले. प्रोहिबिटेड हत्यार विनापरवाना जवळ सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर सात ते चौदा वर्षं आहेत, हे त्यानंच त्यांना पाठवलं होतं. ताईला तर त्यांनी बरेच दिवस सांगितलंच नाही. ह्याच भीतीवर ह्या लोकांचा धंदा चालतो असं माझं मत आहे, नाहीतर एवढी उघड फसवणूक चारदा पचली नसती.

आम्ही विट्यात एका वकिलांना गाठलं. त्यांनी सगळे मेसेज वाचले आणि म्हणले, अहो ह्यात हत्यार आहे कुठं? तुमच्याकडं काही सापडलंय का? खोटं पुस्तक आणि कार्ड मात्र घरात ठेवू नका, आणि वापरू तर अजिबात नका, तक्रारीबरोबर पोलिसांकडं जमा करा. तसंच केलं. फसवणुकीचा अर्ज दिला, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं त्याला, आणि यूपीआयनं गेलेल्या पैशांसाठी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला फोन करून वेगळी तक्रार नोंदवली. तिथं पहिली गोष्ट हीच विचारतात की पैसे कधी गेले, कारण लवकर सांगितलं तर समोरचं खातं गोठवता येतं. आमचं बरंच उशिरा झालं, त्या खात्यात फार काही उरलं नव्हतं. रोख दिलेल्याची तर पावतीच नाही.

दाजींनी आता सांगली कलेक्टर ऑफिसला स्वतःच्या नावानं अर्ज केलाय, धंद्याचे कागद, जीएसटी, सगळं जोडून, फी चलनानं. पोलीस रिपोर्ट येईल तेव्हा येईल. तोपर्यंत रोकड जवळ बाळगायची नाही, बँकेतनं फिरवायची, असं ताईनं ठरवलंय आणि त्यावर चर्चा होत नाही.

त्या माणसाचा जुना नंबर बंद आहे. पण गेल्या आठवड्यात कराडच्या एका गलाईवाल्या मित्राला नवीन नंबरवरून पिस्तुलाचा फोटो आलाय, तोच निळा चौकड्याचा रुमाल, बाजूला तीच गाडीची सीट, आणि खाली लिहिलंय ऑल इंडिया परमिटसह. तुमच्याकडं हा फोटो आला तर उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट काढा आणि नंबरासकट जवळच्या पोलीस ठाण्यात द्या, आमच्या तक्रारीला जोडता येईल.