डेक्स्ट्रानची रचना शोधताना : एनएमआर की मास स्पेक्ट्रोमेट्री?

तोडलेला ऊस गाळपाविना दोन-तीन दिवस पडून राहिला, तर ल्युकोनोस्टॉक जिवाणू त्यातील सुक्रोजपासून डेक्स्ट्रान ही चिकट बहुशर्करा तयार करतात, हे कोल्हापूर परिसरातील साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांना नवे नाही. डेक्स्ट्रान ध्रुवित प्रकाशाला साखरेच्या जवळजवळ तिप्पट उजवीकडे वळवत असल्याने पोलच्या (प्रकाशाच्या वळणावरून ठरवलेल्या साखरेच्या) मापनात नसलेली साखर दिसते, रस दाट होतो आणि दाणे लांबट पडतात. अशा रसातून वेगळ्या केलेल्या बहुशर्करेची रेणुरचना प्रबंधासाठी ठरवू पाहणाऱ्या येथील विद्यार्थ्याला आधी पद्धत निवडावी लागते : एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात अणुकेंद्रकांचे संकेत वाचणारी) की मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणू व त्याच्या तुकड्यांचे वस्तुमान मोजणारी).

ही निवड सोपी नाही, कारण साखरेचे घटक एकमेकांना अनेक जागी जोडले जातात. सहा अणूंच्या वलयातील ग्लुकोजचे फक्त दोन घटक घेतले, तरी त्यांच्यापासून 11 वेगवेगळ्या द्विशर्करा होऊ शकतात आणि त्या सर्वांचा रेणुभार 342 च असतो.

इन्फ्रारेड वर्णपट काही मिनिटांत मिळतो आणि पदार्थ शर्करावर्गातील आहे एवढी खात्री देतो. बंधांचा तपशील त्यातून काढण्याचा आग्रह धरू नये.

मास स्पेक्ट्रोमेट्रीचे मोठे बळ म्हणजे तिला लागणारा अत्यल्प नमुना. मायक्रोग्रॅमभर पदार्थातूनही साखळीतील घटकांची संख्या आणि तुकड्यांचा क्रम कळू शकतो. मात्र ग्लुकोज, गॅलॅक्टोज व मॅनोज हे तिन्ही साखळीत 162 चीच भर घालत असल्याने केवळ वस्तुमानावरून त्यांच्यात भेद करता येत नाही. मिथिलेशन करून (मोकळ्या हायड्रॉक्सिल गटांवर मिथिल गट चढवून), जलविच्छेदनानंतरचे घटक गॅस क्रोमॅटोग्राफीसह (घटक वायुरूपात वेगळे करणाऱ्या तंत्रासह) तपासले, तर कोणत्या कार्बनवर जोड आहे हे नेमके समजते. परंतु जोड आल्फा आहे की बीटा, म्हणजे पहिल्या कार्बनवरील बंधाची दिशा कोणती, हे त्यातूनही निसटते.

नेमका हाच भेद एनएमआर उघड करते, आणि म्हणून काही मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ हाती असेल तर सुरुवात तिच्यापासूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वलयातील बहुतेक प्रोटॉनांचे संकेत 3.2 ते 4.2 पीपीएमच्या (वर्णपटातील संकेताचे स्थान सांगणाऱ्या एककाच्या) पट्ट्यात एकमेकांवर चढतात, पण पहिल्या कार्बनवरील प्रोटॉन 4.4 ते 5.5 च्या मोकळ्या जागेत एकटा दिसतो. ग्लुकोजमध्ये आल्फा जोड असताना या संकेताचे विभाजन (त्याच्या दोन रेषांमधील अंतर) सुमारे 3.5 हर्ट्झ, तर बीटाचे सुमारे 8 हर्ट्झ असते. मॅनोजमध्ये मात्र हा निकष चालत नाही, तेथे कार्बन-प्रोटॉन विभाजन मोजावे लागते. डेक्स्ट्रानच्या मुख्य साखळीतील आल्फा-1,6 जोडाचा (एका घटकाचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या सहाव्याशी) संकेत 4.97 च्या आसपास आणि आल्फा-1,3 फांद्यांचा 5.3 च्या आसपास येतो, त्यामुळे या दोहोंच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तरावरून फांद्यांचे प्रमाण थेट मोजता येते. नमुना ज्यात विरघळवतात त्या जड पाण्यातील (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या) उरलेल्या साध्या पाण्याचा संकेत खोलीच्या तापमानाला 4.8 च्या जवळ असल्याने शेजारचे संकेत झाकोळले जातात. नमुना 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यास पाण्याचा हा संकेत 4.4 कडे सरकतो. शिवाय एनएमआरमध्ये पदार्थ नष्ट होत नाही, तोच पुढे मिथिलेशनसाठी वापरता येतो, ही सोय नमुना मोठ्या कष्टाने मिळवलेल्या विद्यार्थ्यासाठी फार मोलाची आहे.

नमुना एक मिलिग्रॅमहूनही बराच कमी असेल, तर मात्र मास स्पेक्ट्रोमेट्रीकडेच वळावे. घटक डी मालिकेतील आहे की एल (एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असलेली रूपे), हे दोन्ही पद्धतींना आपणहून सांगता येत नाही. त्यासाठी कायरल (आरशातील प्रतिबिंबाशी न जुळणाऱ्या) अल्कोहोलशी संयोग करून वेगळी तपासणी लागते.

उसाच्या रसाच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. सुक्रोजमधील ग्लुकोजचा संकेत 5.4 वर, म्हणजे फांद्यांच्या संकेताच्या अगदी शेजारी येतो. अल्कोहोलने अवक्षेपित केलेल्या डेक्स्ट्रानचे डायलिसिस (सच्छिद्र पडद्याच्या नळीतून लहान रेणू बाहेरच्या पाण्यात उतरवणे) अपुरे राहिले, तर उरलेली साखर फांद्यांच्या हिशेबात मिसळते आणि प्रमाण वाढून दिसते. म्हणून नळीबाहेरच्या पाण्यात साखर उतरणे पूर्ण थांबेपर्यंत ते पाणी बदलत राहावे.